‘खण’, ‘माळवद’ व ‘पक्के घर’ : गृहरचनेच्या परिभाषेविषयी काही विचार

घरबांधणी हा स्थापत्याचा विषय. फार तर अर्थशास्त्राचा. त्यात भाषेच्या अभ्यासकाने का पडावे, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखकाच्याही मनात तो होता. परंतु एका चुकीने त्याचे उत्तर मिळाले, आणि ती चूक लेखकाची स्वतःचीच असल्यामुळे तिच्यापासून आरंभ करणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका जुन्या गावातील वाड्यांची व घरांची पाहणी करण्याचे काम निघाले होते. कोणती घरे जतन करावी, कोणती दुरुस्त करून राहती ठेवावी आणि नव्या घरांना जागा कोठे द्यावी, हे ठरविण्यासाठी ही पाहणी होती. पाहणीचा तक्ता इंग्रजीत होता व तो मराठीत करण्याचे काम लेखकाकडे आले. लाकडी सांगाड्यातील दोन खांबांच्या दरम्यान जी जागा असते, तिच्या संख्येचा एक रकाना त्यात होता. लेखकाने कोश पाहून तेथे ‘कक्ष’ असा शब्द योजिला. शब्द शुद्ध होता, संस्कृत होता, कार्यालयास शोभणारा होता. पाहणीच्या दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मिस्त्रींनी तक्ता हाती घेऊन विचारले, “कक्ष म्हणजे खोलीच ना, सर? मग या घराला खोली एकच आहे. खण विचारा, सात सांगतो.” ज्या घराची आम्ही ‘कक्ष : एक’ अशी नोंद केली होती ते सात खणांचे प्रशस्त घर होते. दोन दिवसांचे तक्ते रद्द करावे लागले.

तक्ते पुन्हा भरता आले, म्हणून ही गोष्ट तेवढ्यावर सुटली. पण ज्या तक्त्यांवरून घरे पाडली जातात किंवा राखली जातात, अनुदाने मिळतात किंवा नाकारली जातात, त्यांतील शब्द असेच चुकलेले असतील तर काय होते, याचा विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम ‘खण’ हा शब्द घेऊ. मराठवाड्याच्या पारंपरिक घरात लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या व त्यांवर फळ्या असा एक पूर्ण सांगाडा उभा करतात. दोन खांबांमधील अंतर साधारणतः अडीच मीटरांच्या आसपास, म्हणजे आठ-साडेआठ फूट असते. या मापाचा एक घटक म्हणजे एक खण. घराचा विस्तार सांगताना लोक खोल्यांची संख्या सांगत नाहीत, क्षेत्रफळ तर नाहीच नाही. ‘पाच खणांचे घर’, ‘नऊ खणांचे घर’ असे म्हणतात. या प्रयोगात एक रचनाविचार दडलेला आहे. जे मोजले जाते ते घराचे सार होय, आणि येथे मोजला जातो तो सांगाडा. भिंत मोजली जात नाही, कारण मूळ कल्पनेनुसार छताचा भार खांबांवर आहे. भिंतीने आडोसा करावयाचा, ऊन व वारा अडवावयाचा. शिवाय खण हा वाढणारा घटक आहे. मुलाचे लग्न झाले, धान्य वाढले, की घराला दोन खण जोडता येतात. चौरस फूट हे परिमाण झालेल्या वस्तूचे माप सांगते. खण हे परिमाण वस्तू कशी झाली व पुढे कशी वाढेल तेही सांगते.

या सांगाड्यावर जे छत असते त्यास मराठवाड्यात व सोलापूरकडे ‘माळवद’ म्हणतात, खानदेशाकडे ‘धाबे’. फळ्यांवर पाल्याचा वा काटक्यांचा थर व त्यावर मातीचा जाड थर, असे त्याचे स्वरूप. ही माती कोणतीही चालत नाही. ती पांढरी माती असावी लागते. येथे मराठी भाषेतील एका जुन्या जोडीची आठवण होते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांना ही जोडी परिचित आहे. काळी माती पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून ती छताला निरुपयोगी. वस्तीच्या जागेवरची राखाडी-पांढरी माती त्या मानाने स्थिर. ज्या मातीवर गाव बसले तीच गावाच्या डोक्यावर गेली. (याचा एक अनिष्ट परिणाम असा की, जुन्या वसाहतींची कितीतरी टेकाडे माळवदांसाठी व शेतीच्या खतासाठी खणली गेली. एका वारशाची निगा दुसऱ्या वारशाच्या मुळावर आली, असे म्हणावे लागते.)

जाड मातीचे छत उन्हाळ्यात फार उपयोगाचे असते. दिवसाची उष्णता त्या थरातून सावकाश खाली उतरते आणि ती पुरती उतरण्याच्या आत रात्र होऊन थर पुन्हा निवू लागतो. पंखा नसलेल्या काळात चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात माणसे दुपारी घरात झोपू शकत होती, ती यामुळे.

परंतु येथेच थांबून जुन्या घरांचे गुणगान करणे हे सत्याशी प्रतारणा केल्यासारखे होईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जनाची रात्र होती व लोक उशिरा घरात जाऊन झोपले होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने मध्यम होती. घरांनी मारले, असे अभियंत्यांनी त्या वेळी म्हटले व ते खरे आहे. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पडत असे. जुनी मात्र काढली जात नसे. त्यामुळे कित्येक घरांवरील मातीचा थर अर्ध्या मीटरापासून पाऊण मीटरापर्यंत वाढला होता. भिंती दोन ते चार फूट जाड, पण आतून-बाहेरून दगडांच्या दोन पाळ्या आणि मध्ये भर घातलेली. दोन्ही पाळ्यांना जोडणारे आरपार लांब दगड नाहीत. धक्क्यासरशी पाळ्या सुटल्या. लाकूड महाग झाल्यापासून छताचा काही भार भिंतींवरच टेकविण्यात येऊ लागला होता, तेथे छतही खाली आले.

आता भाषेच्या दृष्टीने पुढचा भाग पाहण्यासारखा आहे. ‘दगड-मातीचे घर पडले’ हे एकच वाक्य सर्वत्र झाले आणि त्या वाक्यात सांगाडा, भिंत व छत या तीन भिन्न गोष्टी एकत्र गोठून गेल्या. वस्तुतः जेथे खणाचा सांगाडा पूर्ण व सशक्त होता तेथे भिंती कोसळूनही खांब-तुळया उभ्या राहिल्याची उदाहरणे होती. दोष खणाचा नव्हता. छताच्या वाढत्या भाराचा व भिंतीच्या सुट्या पाळ्यांचा होता. दुरुस्तीचे जे उपाय तज्ज्ञांनी सुचविले ते याच विश्लेषणावर आधारलेले होते : माळवदावरील माती कमी करणे, खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरके आधार देणे, भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड घालणे. त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने मातीच्या घरांसाठी व कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी स्वतंत्र मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. म्हणजे शास्त्राला हा भेद कळत होता. लोकांच्या व कार्यालयांच्या बोलण्यात मात्र तो उरला नाही.

पुनर्वसनात बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरे कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट अशा तीन मापांची होती. दुःखाच्या त्या घटकेला त्वरेने निवारा देणे हेच पहिले कर्तव्य होते व ते पार पाडणाऱ्यांविषयी अनादर दाखविण्याचा येथे हेतू नाही. पण एक गोष्ट नोंदवावी लागते. जो समाज घर खणांत मोजीत होता त्याचे घर आता चौरस फुटांत मोजले जाऊ लागले, आणि नव्या घराला ‘दोन खण जोडणे’ ही क्रिया शक्य राहिली नाही. वाढीव गरज भागविण्यासाठी पुढे पत्र्याची शेड आली. उन्हाळ्यात तिच्याखाली बसवत नाही.

यानंतर ज्या शब्दांकडे वळावयाचे ते ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ होत. गृहनियोजनाच्या साऱ्या व्यवहारात याहून प्रभावी शब्द दुसरे नाहीत. ‘पक्का’ हा शब्द संस्कृत ‘पक्व’पासून आला, हे सांगावयास नको. पक्व म्हणजे शिजलेले, भाजलेले, पिकलेले. बांधकामात त्याचा मूळ अर्थ अगदी काटेकोर आहे. उन्हात वाळविलेली वीट कच्ची, भट्टीत भाजलेली वीट पक्की. म्हणजे अग्नीचा संस्कार झाला की नाही, एवढेच हा शब्द सांगतो. चांगले-वाईट असा निवाडा त्यात मुळात नाही. कच्चा माल वा कच्चा खर्डा वाईट असतो असे कोणी समजत नाही. पुढे अर्थविस्तार होऊन पक्का रस्ता, पक्का हिशेब, पक्का निश्चय असे प्रयोग रूढ झाले आणि ‘पक्के’ म्हणजे विश्वसनीय, ‘कच्चे’ म्हणजे उणे, ही मूल्याची छटा मूळ अर्थावर चढली. वीट भाजली की घर विश्वासाचे, हा समज अनुभवातूनही आला असेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कच्च्या विटांच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या, ही आठवण अनेक कुटुंबांत आजही सांगितली जाते.

मौज अशी की, हीच मूल्यछटा शासकीय वर्गीकरणातही उतरली. २०११च्या जनगणनेत घरांचे वर्गीकरण भिंत व छत यांच्या द्रव्यावरून केलेले आहे. त्यात माती व न भाजलेली वीट ही तात्पुरत्या द्रव्यांत मोडतात. लाकडी भिंतही त्यांतच. धातूचा व सिमेंटचा पत्रा मात्र कायम स्वरूपाच्या द्रव्यांत मोडतो. म्हणजे दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीचे, तीन पिढ्या नांदलेले घर तात्पुरते. आणि पत्र्याने चारी बाजूंनी बंद केलेली खोली कायमची! हे वर्गीकरण करणाऱ्यांचा हेतू मोजणीच्या सोयीचा असेल. पण त्या नावाने जो निवाडा होतो त्याचे परिणाम मोजणीपुरते राहत नाहीत.

याच्या उलट, २०१६मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेच्या मार्गदर्शिकेत पक्क्या घराची जी व्याख्या आहे ती द्रव्यावर आधारलेली नाही. वापरामुळे व नैसर्गिक कारणांनी होणारी सामान्य झीज सोसून, वाजवी देखभालीनिशी, किमान तीस वर्षे टिकेल ते पक्के घर, असा तिचा आशय आहे. व्याख्या म्हणून ही फार चांगली आहे. नीट बांधलेले, पाया व वळचण राखलेले मातीचे घर तिच्यात बसू शकते. परंतु व्याख्या पुस्तकात राहते आणि शब्द लोकांच्या तोंडी राहतो. लाभार्थीला, ग्रामसेवकाला व गवंड्याला ‘पक्के’ या शब्दाने जे दिसते ते सिमेंट व सळईच होय. नवी व्याख्या जुन्या शब्दावर घातली म्हणजे जुना अर्थ निघून जातो असे नाही, हे अर्थविचाराच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

येथे ‘पक्व’ या व्युत्पत्तीचा आणखी एक, आजच्या दृष्टीने महत्त्वाचा, उपयोग आहे. पक्केपणाची चढती श्रेणी ही खरोखर जाळण्याची चढती श्रेणी आहे. मातीला भट्टी लागत नाही. चुना भाजावयास सुमारे नऊशे अंश उष्णता लागते. सिमेंटच्या भट्टीत ती सुमारे साडेचौदाशे अंशांपर्यंत न्यावी लागते. शिवाय चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. चुना भिंतीत गेल्यावर हवेतील तो वायू पुन्हा हळूहळू शोषून दगडासारखा होतो. भट्टीतील इंधनाच्या धुराची भरपाई यात होत नाही, पण खुद्द चुनखडीतून निघालेल्या वायूपैकी बराचसा परत येतो. सिमेंटच्या बाबतीत हे प्रमाण पुष्कळच कमी. म्हणून पर्यावरणाच्या हिशेबात घर मांडू लागलो, की ‘पक्के’ या शब्दातला दडलेला अग्नी खर्चाच्या बाजूला लिहावा लागतो. ‘पक्के तेवढे चांगले’ हे समीकरण तेथे टिकत नाही. मात्र किल्लारीची आठवण ठेवून ‘कच्चे तेवढे चांगले’ असेही म्हणता येत नाही. दोन शब्दांच्या जोडीवर ज्याचा भार पेलत नाही असा हा विषय आहे, आणि अधिक शब्द हवे असतील तर ते नव्याने घडविण्याची गरज नाही. ते गवंड्यांकडे व सुतारांकडे आहेत.

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनातही हाच अनुभव येतो. पुण्याचा वाडा घ्या. दगडी जोते, तळखड्यांवर उभे खांब, कडीपाटाचे छत, खांबांच्या मध्ये मातीत वा चुन्यात बसविलेली वीट, आणि सर्वांच्या मध्यभागी चौक. बाहेरून पाहणाऱ्यास बहुधा उंच भिंत, दरवाजा व एखादी गॅलरी एवढेच दिसते. वाड्याचे वाडेपण आत आहे. परंतु आपल्या नियोजनाच्या कायद्यात ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांचे मोल सारखे नाही. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार, केवळ अंतर्भागाशी संबंधित असलेल्या किंवा बाह्य स्वरूपात विशेष बदल न करणाऱ्या देखभालीच्या व सुधारणेच्या कामांना परवानगी लागत नाही. वारसा-वास्तूंना या सवलतीतून वगळलेले आहे हे खरे; पण वारसा-यादीत न आलेले वाडे यादीतल्या वाड्यांहून नेहमीच अधिक असतात. तेथे चौकावर पत्रा पडला, ओसरी विटांनी बंद झाली, तर कायद्याच्या भाषेत फारसे काही घडलेले नसते. आणि राहणाऱ्याच्या दृष्टीने घराचा श्वास बंद झालेला असतो. कारण चौकातून तापलेली हवा वर जावी व देवडीकडून वा परसाकडून थंड हवा आत यावी, या एका व्यवहारावर सारा वाडा बेतलेला असतो.

‘चौक’ या शब्दाचे भाग्य मात्र इतरांहून बरे म्हणावे लागेल. राष्ट्रीय बांधकाम संहितेने तो शब्द जसाच्या तसा स्वीकारला आहे. आतला चौक व बाहेरचा चौक असे भेदही केले आहेत. शब्द संहितेत आला म्हणून त्याची व्याख्या झाली, व्याख्या झाली म्हणून किमान मापे ठरली. ‘गावठाण’ हा असाच दुसरा शब्द. तो महसुली कायद्यात टिकला म्हणून जुन्या दाट वस्तीसाठी नव्या वसाहतींहून वेगळे नियम असावेत हा विचारही टिकला. खण, ओसरी, माळवद यांना असे स्थान मिळाले नाही. ज्याला नियमात नाव नाही त्याला नियमात संरक्षणही नाही.

दुरुस्तीची भाषा हा आणखी एक प्रश्न. कार्यालयीन मराठीत ‘देखभाल व दुरुस्ती’ हा एकच जोडशब्द सर्व कामांना पुरतो. घरातल्या मराठीत तसे नव्हते. कौले शाकारावयाची, जमीन सारवावयाची, भिंत लिंपावयाची, तिला चुना द्यावयाचा, लाकडाला तेल द्यावयाचे. ही क्रियापदे वेगवेगळी आहेत कारण कामे वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येकाचा काळ ठरलेला आहे : शाकारणी पावसाळ्याच्या आत, सारवण काही दिवसांनी, चुना सणापूर्वी. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यावर मालकांनी प्रथम सोडले ते हे आवर्तन. भाडेकरूंवरील अन्याय टाळणे हा कायद्याचा हेतू न्याय्यच होता. परंतु महिन्याला काही रुपये भाड्यावर शाकारणी होत नाही, आणि दोन पावसाळे गळलेले तुळईचे टोक पुन्हा धड होत नाही. १९९९चा नवा कायदा येईपर्यंत कित्येक वाड्यांच्या बाबतीत फार उशीर झाला होता.

आणि जेथे दुरुस्ती झाली तेथे पुष्कळदा ती ‘पक्की’ झाली, म्हणजे चुन्याच्या वा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आला. जुनी भिंत जमिनीतील ओल थोडीफार ओढते व आपल्या पृष्ठभागातून सोडून देते. चुना सच्छिद्र असल्यामुळे तिला तसे करू देतो. सिमेंटचा घट्ट गिलावा ती वाट बुजवितो. ओल आत कोंडते, वर चढते, क्षार घेऊन दुसरीकडे फुटते, वीट भुसभुशीत होते. ‘भिंतीला लोणा लागला’ असे म्हणतात ते हेच. मालकास वाटते की भिंत जुनी म्हणून खराब झाली, आणि तो आणखी सिमेंट लावतो.

सध्या ‘शाश्वत’ हे विशेषण या चर्चेत फार दिसते. १९८७च्या ब्रुन्टलँड आयोगाच्या अहवालानंतर जी विकासकल्पना जगभर रूढ झाली तिच्यासाठी आपण हा शब्द योजिला. शब्द भारदस्त आहे. पण घराच्या संदर्भात तो दिशाभूल करतो असे लेखकास वाटते. शाश्वत म्हणजे जे सदैव आहे तसे राहते. वर वर्णिलेली घरे शाश्वत कधीच नव्हती. त्यांतील प्रत्येक वस्तू झिजणारी, पण बदलता येणारी होती : कौल फुटले तर कौल, फळी कुजली तर फळी. ‘निगा’ हा साधा मराठी शब्द या गुणाच्या अधिक जवळ जातो. ‘निगेचे घर’ असा प्रयोग आज ऐकू येत नाही. कोणी केला तर तो चुकीचा ठरणार नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या पाहणीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. तक्ता नव्याने केला. ‘कक्ष’ जाऊन ‘खण’ आला. ‘छत’ या रकान्यात माळवद, कौलारू, पत्रा व स्लॅब असे पर्याय देऊन माळवदाखाली ‘मातीची जाडी, बोटांत’ असा उपरकाना घातला. तो त्या मिस्त्रींनी सुचविला होता. भिंतीच्या रकान्यातून ‘कच्ची’ व ‘पक्की’ हे शब्द काढून त्या जागी दगड मातीत, दगड चुन्यात, वीट भाजलेली, वीट न भाजलेली, असे चार पर्याय आणि ‘आरपार दगड आहेत की नाहीत’ असा प्रश्न घातला. आमचे विद्यार्थी उन्हातान्हात फिरून हे तक्ते भरून आले. पुढे संबंधित कार्यालयात त्यांचे संकलन झाले, तेव्हा तेथील सारणीत जागा दोनच होत्या. भाजलेली वीट व चुन्यातला दगड ‘पक्के’मध्ये गेले, राहिलेले ‘कच्चे’मध्ये. आरपार दगडांच्या प्रश्नाला सारणीत रकाना नव्हता. ते मूळ तक्ते विभागाच्या कपाटात आहेत, आणि ज्यांना या विषयावर काम करावयाचे असेल त्यांना ते पाहता येतील.